गाण्यातली थांबायची जागा

आमच्या ग्रुपची एकूण गाणी किती, हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारलेला नाही. लग्नात भेटो, बँकेच्या रांगेत भेटो, माणूस माझ्याकडे बघून डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "तुमी ते पालमच्या एस्टीवाले ना?" मी मान डोलावली की तो हमखास एक हात वर करतो, तोंड मिटून तसाच उभा राहतो, मग स्वतःच "टक् टक् टक्" करतो आणि खुशीत हसतो. एकदा तर दवाखान्यात सलाइन लावलेल्या पेशंटनं हा प्रकार केला. सुई निसटली आणि सिस्टरनं झापलं मला. मी तिथं कुणाला तरी भेटायला गेलो होतो, एवढाच माझा गुन्हा!

तर मी दिगंबर. मूळचा चुडाव्याचा, आता परभणीकर. सिग्नल म्युझिकल ग्रुपमध्ये गिटार वाजवायचो. ग्रुप मोडल्यावर ॲम्प्लिफायर आणि माइक दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते आता मुलगा बघतो. मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो, तेवढं काम अजून चांगलं जमतं.

ज्यांच्या कानावर ते गाणं कधीच पडलं नाही, अशांसाठी (असतील बापडे, जग मोठं आहे) मुखडा सांगतो:

एस्टी आली पालमची, धुरळा उडला सगळीकडं,
पिशवी आली, छत्री आली, मागनं उतरलं कोण?

आणि "कोण"वर सगळं बंद. गिटार बंद, ड्रम बंद, गाणाराही गप. थोडा वेळ काहीच नाही. मग ड्रमच्या लाकडी कडेवर तीन ठोके, आणि सगळे एकदम तुटून पडतात. लोकांना आवडलं ते गाणं कमी आणि ती थांबायची जागा जास्त. आम्ही ती कशी बांधली, याबद्दल मी भलभलतं ऐकलंय. कुणी म्हणतं परदेशी बँडची नक्कल, कुणी म्हणतं लाइट गेली होती. खरं काय घडलं ते लिहून ठेवायला हवं, कारण ती जागा माझी नाही, आमच्या ड्रमरची आहे, गौतमची. आणि लोक त्या जागेवर नाचतात याचं त्याला वर्षानुवर्षं दुःख होतं.

आता सुरुवातीपासून सांगतो, पण लांबण लावत नाही. पूर्ण्याला रेल्वे क्वार्टरमध्ये टोनी राहायचा. त्याचे वडील रिटायर झालेले गार्ड, त्यांच्याकडे एक जुनी गिटार. मी चुडाव्याहून पॅसेंजरनं जायचो आणि त्यांच्या पायऱ्यांवर बसून बोटं सोलून घ्यायचो. त्यांनी आम्हा दोघांना तीन कॉर्ड शिकवले आणि म्हणाले, "बस. इतने में जिंदगी निकलती." माझी तरी निघाली. पुढं टोनीनं बेस गिटार धरली, कारण तिला तारा कमी असतात आणि तो जरा आळशी होता.

गाणारा रवी, पालमचा. केस मानेपर्यंत, आवाज पक्का, आणि स्वतःवर बेहद्द प्रेम. गाणी तोच लिहायचा. परभणीच्या स्टँडवर पालमच्या एस्टीची वाट बघत तो नेमका कुणासाठी उभा राहायचा, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. लग्नानंतर त्याच्या बायकोनंही विचारून विचारून नाद सोडला.

ड्रमर काही मिळेना. तबलेवाले, ढोलकीवाले ढिगानं होते, पण दोन्ही हात आणि दोन्ही पाय वेगवेगळे चालवणारा माणूस आख्ख्या परभणीत सापडेना. मग पेडगावच्या एका लग्नात बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारा एक काळासावळा, गंभीर चेहऱ्याचा पोरगा दिसला. वरातीत एवढा गोंधळ, पण ह्याच्या ठोक्यावर सगळ्या गावाचे पाय पडत होते. टोनी माझ्या कानात म्हणाला, "यहीच है." तो गौतम. त्याचे वडील लक्ष्मण मास्तर त्या बँडचे मालक आणि पुढारी. त्यांनी आधी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं, रवीच्या केसांवर त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली, पण पोराला परवानगी दिली.

ड्रमसेट विकत घेण्याची ऐपत कुणाची होती! बँडचा एक निवृत्त ढोल आडवा करून त्याला पायाचं पॅडल बसवलं. झांजा कासाराकडून ठोकून घेतल्या. काठ्या गौतमनं बाभळीच्या सोलून केल्या. माइकचा स्टँड म्हणजे दवाखान्यातला जुना सलाइनचा खांब. गिटारची तार तुटली की नांदेड किंवा हैदराबाद गाठावं लागायचं, म्हणून कुणी तिकडं जायला निघालं की आम्ही स्टेशनवर जाऊन हात जोडायचो. अशा सामानावर आम्ही इंग्रजी पद्धतीचं, उड्या मारायला लावणारं, पण शब्दांनी अस्सल परभणीचं असं काहीतरी वाजवायचो. लोक त्याला "ते कडकड गाणं" म्हणायचे.

तालीम गौतमच्या घरच्या अंगणात, कारण बाकी कुणाच्याच घरचे तो आवाज सहन करायला तयार नव्हते. तिथं गौतमची आई होती. तिला आम्ही सगळेच माय म्हणायचो. बँडवाल्यांचे लाल कोट, खांद्यावरच्या सोनेरी झालरी, सगळं तीच शिवायची. आम्ही वाजवत असलो की ती मशीनवर बसलेली असायची आणि गाणं बिघडलं की मशीन थांबवायची. बोलायची काही नाही. मशीन थांबलं की आम्ही समजायचो, पुन्हा पहिल्यापासून.

आता बाहेरच्या माणसाला बँडवाल्यांचा एक रिवाज सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वरात गावातून जाते तेव्हा बँडचा मास्तर सगळ्यांच्या पुढं चालतो. वाटेत मयत झालेलं घर आलं, किंवा समोरून कुणाची अंत्ययात्रा आली, की तो काठी वर करतो. काठी वर झाली की ज्यानं त्यानं जिथं असेल तिथं वाजवणं तोडायचं. सूर पुरा करायचा नाही, ओळ पुरी करायची नाही. नुसते पाय वाजवत पुढं जायचं. कोपरा वळला, की मास्तर ड्रमच्या कडेवर तीन ठोके देतो आणि ज्या ओळीवर सोडलं त्याच ओळीवर सगळे एकदम उचलतात.

हे मला पुस्तकातून नाही, मायकडून कळलं. एकदा तालीम ऐन रंगात आली असताना समोरच्या आळीतून रडण्याचा आवाज आला. गौतमच्या काठ्या वर गेल्या. रवी आपला गातच राहिला. माय उठून आली आणि तिनं त्याचा माइक हातानं झाकला.

"लेकरा, ज्याच्या दारात रडणं हाय, तिथं आपलं वाजणं बंद."

"पण माय, आमी तर आमच्या अंगणात हाव," रवी म्हणाला.

"आवाज कुठं अंगणात ऱ्हायलाय? त्याला काय कुंपण हाय?" माय म्हणाली. "आन ऐक, कायमचं बंद न्हाई म्हणायले मी. कोपरा वळला की पुन्हा वाजवायचं. ज्याच्या घरी लगीन हाय, त्याचं बी मन राखावं लागतंय."

त्या अंगणात बसून आमची बोटं अशी तयार झाली की गौतमचे हात वर गेले की आपोआप तारांवर पालथी पडायची. डोक्याला विचारायची गरजच नसायची.

आमची कॅसेट नांदेडला झाली. एका गल्लीत वरच्या मजल्यावर वहीदभाईंचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे गाद्या ठोकलेल्या भिंती, मधे काच, आणि काचेपलीकडं कानाला हेडफोन लावलेले संतापी वहीदभाई. आम्ही सगळे एकत्र वाजवणार आणि ते एका दमात टेपवर घेणार, असा मामला. रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद ठेवावा लागायचा, नाहीतर त्याचा आवाज टेपवर येतो. उन्हाळ्याचे दिवस. आम्ही पार उकडून निघालो होतो. शेवटी गौतमजवळची खिडकी फटीएवढी उघडायची परवानगी मिळाली. दुपारची गल्ली, सामसूम.

"पालमची एस्टी" सगळ्यात शेवटी घेतलं. अहो, खरं सांगतो, ते गाणं आमच्या लेखी भरतीचं होतं. रवी डोळे मिटून गायला लागला. "पिशवी आली, छत्री आली, मागनं उतरलं कोण?" आणि गौतमच्या काठ्या वर गेल्या.

माझी बोटं तारांवर पडली. टोनीची पडली. रवीही गप्प झाला, मायनं झाकलेला माइक त्याला आठवला असावा. काचेपलीकडं वहीदभाई दोन्ही हात नाचवून ओरडत होते, पण आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. गौतम खिडकीकडं बघत होता. मी मान तिरकी करून पाहिलं. खालून एक मयत चालली होती. चार खांदेकरी, मागं थोडीशी माणसं, ना रडणं ना बोलणं. फटीच्या एका कडेनं ते आले आणि दुसऱ्या कडेनं दिसेनासे झाले. गौतमनं ड्रमच्या कडेवर तीन ठोके दिले, आणि आम्ही सगळे एकदम कोसळलो. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्या एका ठोक्यात बाहेर आलं. आम्ही पुढं पुष्कळ वाजवलं, पण तसं पुन्हा कधी वाजलं नाही.

वहीदभाई तणतणत बाहेर आले. "क्या किये रे तुम लोगां? टेप खराब कर दिये!" गौतमनं काय झालं ते सांगितलं. ते आत गेले, टेप मागं घेऊन ऐकली. पुन्हा ऐकली. मग हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "इसको हात नको लगाव. जैसा है वैसा रहने दो."

तर मंडळी, ती जागा ही अशी आली. माणूस त्या गाण्यावर नाचताना जेवढा वेळ थांबतो ना, तेवढीच त्या खिडकीची फट होती.

पेडगावला परत आल्यावर गौतमनं मायला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कोण गेलं होतं?"

"ठावं न्हाई माय."

"असू दे. थांबलास ते बरं केलंस."

कॅसेट निघाली आणि बघता बघता डोक्यावर घेतली गेली. चहाच्या टपऱ्या, जत्रा, वडाप, जिथं जावं तिथं पालमची एस्टी. स्टँडवर तर कहरच झाला. एक दिवस पालमच्या गाडीचा खराखुरा ड्रायव्हर आम्हाला शोधत आला. मला वाटलं सत्कार करायला आला असेल, मी शर्टाची बटणं लावली.

"तुमीच ते गाणं केलं का?" त्यानं विचारलं.

"हो, आमीच," मी ऐटीत म्हणालो.

"मग आता एक काम करा. माझ्या गाडीत या आन बायांना तुमीच खाली उतरवा. गाडी स्टँडला लागली की समदे टवाळ एका सुरात वरडायलेत, मागनं उतरलं कोण! कोणीच बाई शेवटी उतरायला तयार न्हाई. दारात रेटारेटी व्हायलीय. काल मीच शेवटी उतरलो तर माझ्यावर शिट्ट्या!"

आम्ही त्याला चहा पाजला. चहा पिऊन होईपर्यंत तोही हात वर करून "टक् टक् टक्" करायला लागला होता, ही गोष्ट वेगळी.

लग्नाच्या सुपाऱ्या इतक्या आल्या की आम्हाला घर दिसेना. सगळ्यांना तेच गाणं हवं. मानवतकडच्या एका व्याहीबुवांनी तर पंगत उठेपर्यंत तेवढंच वाजवायला लावलं. मी म्हणालो, "भाऊसाहेब, आमची दुसरी बी गाणी लय चांगली हायेत." ते म्हणाले, "असतील की! ती तुमी घरी वाजवा." ती दुसरी गाणी आजही माझ्या बायकोला पाठ आहेत. दुसरं कोण ऐकणार त्यांना?

दुसरी कॅसेट करायला गेलो तेव्हा रवीनं अक्कल लढवली. प्रत्येक गाण्यात थांबायची जागा ठेवली. वहीदभाईंनी निमूट ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "अब क्या हर गाने में एक-एक को मारते क्या?" ती कॅसेट अशी आपटली की दुकानदारांनी परत घ्यायला लावली.

या सगळ्यात गौतम मिटत चालला होता. रवी स्टेजवर ती जागा ताणायला लागला. थांबल्यावर बायकांच्या बाजूला बोट दाखवायचा, भुवया उडवायचा, लोक शिट्ट्यांनी मांडव दणाणून सोडायचे. रवीचं काय चुकलं म्हणा, लोकांना तेच हवं होतं. पण एकदा टेम्पोत सामान भरताना गौतम मला म्हणाला, "दिगू, ते थांबणं नाचायचं न्हाई रे. कुणीतरी मेल्यालं हाय त्यात."

मी म्हणालो, "लोकांना कुठं माहीत हाय?"

"तेच म्हणायलोय मी," तो म्हणाला आणि ढोल उचलून आत ठेवला.

मग पालम तालुक्यातलं ते लग्न. गावाचं नाव सांगत नाही, त्या लोकांचा काही दोष नव्हता. वरात होती आणि आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहून पालमची एस्टी वाजवत होतो. पुढं ही गर्दी. गल्ली वळली आणि समोर एका घरापुढं माणसं जमिनीवर बसलेली दिसली. दारात एक माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. मागून कळलं, त्याची बायको त्याच दिवशी गेली होती. गौतमनं दोन्ही काठ्या वर केल्या. आम्ही तोडलं.

आणि बोंबला! गर्दीला वाटलं, गाण्यातली जागा आली. सगळ्यांनी हात वर केले. शिट्ट्या, आरोळ्या, "कोण? कोण?" अगदी त्या दारासमोर. रवी माइकवरून "शांत ऱ्हा, शांत ऱ्हा" म्हणायला लागला, तर लोकांना ती पण गंमत वाटली. कुणीतरी ट्रॉलीच्या फाळक्यावर तीनदा हाणलं, आणि आमच्याशिवायच सगळ्यांनी गाणं उचललं. आम्ही चौघं वर मुके उभे, आणि खाली आमचं गाणं चाललेलं.

दारातल्या त्या माणसानं मान वर करून आमच्याकडं बघितलं. रागानं नाही हो. नुसतं बघितलं. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

गौतमनं काठ्या ढोलावर ठेवल्या, ट्रॉलीवरून उतरला, गर्दीतून वाट काढत त्या माणसापुढं गेला, हात जोडले आणि तसाच चालत एस्टीच्या फाट्याकडं निघून गेला. त्यानंतर त्यानं ते गाणं कधी वाजवलं नाही. आमच्याबरोबर काहीच वाजवलं नाही. त्या काठ्या माझ्या दुकानात अजून आहेत.

आम्ही दुसरा ड्रमर आणला. चांगला होता बिचारा, पण तो ती जागा मनात आकडे मोजून थांबायचा. पुढं टोनी सिकंदराबादला गेला, रवी पालमलाच शाळेत मास्तर झाला, केस कापले. ग्रुप भांडून मोडला नाही, विरून गेला. गौतम पेडगावातच राहिला. शेती, दोन-चार शेळ्या, आणि वडिलांच्या मागं बँड, तोही डीजे आल्यावर बंद पडला. मी त्याच्याकडं जायचो, तोही दुकानावर यायचा. सगळ्या गप्पा व्हायच्या, एक गाणं सोडून.

मधे कुणीतरी, आम्हाला न विचारता, पालमच्या एस्टीचं डीजे मिक्स केलं आणि ते पोरांच्या मोबाइलवर गेलं. पुन्हा धुमाकूळ! मी न राहवून गौतमला सांगितलं.

त्यानं विचारलं, "थांबायची जागा ठिवली का त्यात?"

"ठिवली की. लांबवली बी हाय."

"कुणासाठी?" तो म्हणाला.

या उन्हाळ्यात माय गेली. पिकलं पान होतं, शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची. फोन आला तसा मी पेडगावला गेलो, पालमहून रवी आला, टोनी फोनवरच रडला. गौतमची बहीण पुण्याहून यायची होती, म्हणून मायला अंगणात ठेवलं होतं. पांढरी चादर, उशाशी मेणबत्ती, बाजूला तिची काठी. आम्ही जिथं तालीम करायचो तीच जागा. गौतम तिच्या डोक्याशी बसला होता.

ऊन कलत आलं होतं, तेवढ्यात घरातली भांडी थरथरायला लागली. मग छातीत धडधड जाणवायला लागली आणि मग आवाज आला. डीजे. गावात लग्न होतं, वऱ्हाड परगावचं, आणि मांडवाकडं जायला दुसरी वाट नव्हती. जवळ आलं तसं ओळखू आलं. पालमची एस्टी वाजत होती.

गौतमनं मान वर केली. "दिगू, आपलंच हाय की रे ते."

"मी जाऊन बंद करायला लावतो."

"जाऊ दे. त्यांना कुठं ठावं हाय," तो म्हणाला. मायच्या चादरीची कड त्यानं उगाचच सारखी केली.

मला ते बघवलं नाही. गुडघे दुखत असतानाही मी पळालो. हो, पळालो! बायकोनं बघितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. कोपऱ्यावर भिंतीएवढे स्पीकर लावलेला ट्रक, पुढं पन्नासेक पोरं घामाघूम. मी चालत्या ट्रकच्या पायरीवर चढलो आणि ऑपरेटरचा दंड धरला. विशी-बाविशीतला, कानात बाळी, गॉगल.

"बंद कर!"

"ओ काका, उतरा खाली! कोण तुमी?"

"हे वाजायलंय ना, ह्यातली गिटार माझी हाय."

त्यानं गॉगल वर केला. "पालमच्या एस्टीची? खरं का काय!"

"खरं. आन ती थांबायची जागा हाय ना, ती फुडच्या घरातल्या माणसाची हाय. त्याची माय वारलीय. अंगणात ठिवलीय. आता ती जागा आली की थांब, आन फुडचं सोडू नको. मी हात खाली करीपर्यंत सोडू नको, बाबा."

त्याचं बोट बटणावर गेलं. "पिशवी आली, छत्री आली, मागनं उतरलं कोण?" आणि बंद.

मी पायरीवर उभा राहून हात वर केला. पोरांनीही सवयीनं हात वर केले. शिट्ट्या वाजल्या, आरोळ्या उठल्या. तीच ट्रॉली, तेच दार, तेच सगळं पुन्हा. ठोके येईनात. "अय, लाव की!" कुणीतरी ओरडलं. ठोके येईनात. ट्रक हळूहळू सरकत होता. पोरं मागं वळून बघायला लागली, माझा वर गेलेला हात दिसला, मग मी बघत होतो तिकडं त्यांनी बघितलं. पहिल्या रांगेतल्या एकानं अंगण बघितलं आणि शेजाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. एकेक शिट्टी विझत गेली. वर गेलेले हात खाली आले आणि जोडले गेले. नवरदेव गाडीत उभा होता, तो फेटा काढून खाली बसला. ट्रकच्या इंजिनाची घरघर आणि चपलांचा आवाज, बाकी काही नाही. मायला आयुष्यभर जशी वरात जायला हवी होती, तशी ती वरात तिच्या दारावरून गेली.

रवी अंगणात तोंडाला रुमाल लावून रडत होता. मी पण रडत होतो, लाज कसली त्यात.

पुढच्या कोपऱ्यावर मी पायरीवरून उतरलो आणि हात वरच ठेवून उभा राहिलो, ट्रक वळला. ऑपरेटर मान वळवून माझ्याकडं बघत होता, सोडू का? मी गौतमकडं बघितलं. आता लग्नघराचंही मन राखायचं होतं, पण ते सांगणारा मी कोण?

गौतम उठला. मायची काठी घेतली, ओट्याच्या कडेशी आला आणि दगडावर सावकाश तीन ठोके दिले. टक्. टक्. टक्.

मी हात खाली केला आणि कोपऱ्यापलीकडं आमचं गाणं जोरात उसळलं.

मी परत अंगणात आलो, त्याच्या शेजारी बसलो. आवाज मांडवाकडं दूर जाईपर्यंत तो कान देऊन ऐकत होता. मग काठी मायच्या बाजूला जशी होती तशी ठेवली आणि म्हणाला, "दिगू, आज बरोबर वाजलं."